माहिती सांगणाऱ्याचं नातं

नलिनी परुळेकर हिचं निम्मं आयुष्य दुसऱ्यांचे आजार वाचण्यात गेलं, आणि तिला स्वतःला साधं पडसंही कधी धड झालं नाही. झालं असतं तरी विचारायला कोण होतं म्हणा.

ती उपनगरातल्या एका इस्पितळात रेकॉर्ड रूममध्ये होती. इस्पितळाचं नाव घेऊन काय करायचंय, फिनेलचा वास सगळीकडे सारखाच. तळमजल्यावर जिन्याच्या पोटात एक लांबोडकी खोली, छतापर्यंत लाकडी घोडे, घोड्यांवर केसपेपरांचे गठ्ठे, आणि मधोमध टेबलाशी नलिनी. माणूस बरा होऊन घरी निघाला की त्याचे कागद खाली तिच्याकडे यायचे. बरा न होता गेला तरी कागद यायचेच. ती ते पानवार लावायची, भोक पाडून दोऱ्यात ओवायची, डॉक्टरांनी शेवटी लिहिलेलं आजाराचं नाव वाचायची आणि जाड पुस्तकातून त्या नावाचा आकडा शोधून कोपऱ्यात लाल शाईने टाकायची. सगळ्या जगात म्हणे तेच आकडे चालतात. अर्धं अंग लुळं पडलं की तीनशे बेचाळीस, मग तो माणूस विक्रोळीचा असो की विलायतेचा.

त्या आकड्याला उजवं-डावं काही कळत नसे. कुठलंही अंग जावो, तीनशे बेचाळीसच. म्हणून नलिनीचा हट्ट, की आकड्याला कळत नाही तर निदान कागदाला तरी कळू दे. डॉक्टर घाईत नुसतं ‘अर्धांग’ लिहून मोकळे झाले, की ही त्याच पानाला चिठ्ठी टाचून वर पाठवायची: ‘बाजू लिहावी.’ नवे डॉक्टर हसायचे. परुळेकर बाईंची चिठ्ठी आली, आता बाजू घ्या कुणाची तरी, म्हणायचे. हसले तरी लिहायचे.

आणखी एक नियम होता, तो मात्र तिचा नव्हे, सरकारी. डॉक्टरने जे लिहिलं त्याचाच आकडा टाकायचा. आपल्या मनाने एक टिंबही नाही.

केसपेपरच्या पहिल्या पानावर वरच्या बाजूला दोन रकाने असत. ‘माहिती सांगणाऱ्याचे नाव’ आणि ‘नाते’. ज्याचं तोंडच वाकडं झालंय तो काय सांगणार, म्हणून बरोबर आलेला माणूस सांगतो. मुलगा, सून, जावई, चुलतभाऊ. नलिनी आधी तोच रकाना वाचायची. कधी तिथे ‘हवालदार’ असं असायचं, आणि कधी काहीच नसायचं. रिकामा रकाना आला की तिचा हात जरा थांबे. मग ती डबा उघडून पोळीभाजी खाई आणि पुढचा कागद घेई.

राहायला ती घाटकोपरला, भटवाडीच्या चढावर एका चाळीत. वरच्या मजल्यावर शेवटून दुसरी खोली. वडील लवकर गेले, भाऊ नव्हता, लग्नाचं बघता बघता राहून गेलं. आई होती तोवर घरात बोलणं होतं. आई म्हणजे अस्सल मालवणी तोंड, एकदा सुटलं की आवरायचं नाही. ते तोंड बंद झालं आणि खोली एवढी मोठी झाली की नलिनीने उगाच एक जास्तीचं स्टूल आणून ठेवलं.

शेवटच्या खोलीत शेवंती मेस्त्री. तिचा नवरा विक्रोळीच्या कारखान्यात होता, तो गेल्यावर ती गोधड्या शिवून द्यायची. दोघींच्या मधे एका विटेची भिंत. शेवंतीने नारळ खवला की इकडे नलिनीला कळायचं. तिचा रेडिओ आठला बंद झाला की नलिनी पदर खोचून ऑफिसला निघायची, घड्याळ बघायची नाही. आणि तरी दोघी एकमेकींशी नऊ वर्षं बोलत नव्हत्या.

भांडण म्हणावं असं काही झालंच नव्हतं. नलिनीची आई शेवटच्या दुखण्यात पडली होती. अन्न जात नव्हतं. शेवंतीने मऊ पेज केली, वर लोणच्याचा खार घातला, वाटी घेऊन आली आणि आईपुढे धरली. डाव्या हाताने धरली. तिचा तोच हात चालायचा. शिवणं, चिरणं, दार उघडणं, सगळं डावीकडून.

आई म्हणाली, “डाव्या हातान दिलेला माका नको गो. घेवन जा.”

शेवंतीने नलिनीकडे पाहिलं. नलिनी उशाशी उभी होती. आई असं काय गं, एवढं जरी बोलली असती तरी पुरे होतं. पण आजारी माणसाला कुठे दुखवा, म्हणून ती पांघरुणाची घडी सारखी करत राहिली. शेवंती वाटी घेऊन गेली. पुढे आठवड्याने आई वारली, तेव्हा दारापर्यंत आली, हात जोडले आणि माघारी फिरली. त्यानंतर नळावर, जिन्यात, सज्जात, दोघी भिंतीला चिकटून एकमेकींना वाट देत. नलिनी रोज ठरवायची, आज बोलू. नऊ वर्षं ठरवत होती.

शहाऐंशी सालची गोष्ट. फेब्रुवारीतला मंगळवार, सकाळचे आठ. नलिनी जिना उतरत होती आणि तिसऱ्या पायरीवर एक स्लिपर पडली होती. निळ्या पट्ट्याची, रबरी, डाव्या पायाची. खाली अंगणात शेवंती पिशवी घेऊन चालली होती. उजव्या पायात स्लिपर, डावा पाय अनवाणी. खडीवरून चालली होती आणि तिला पत्ता नव्हता.

नलिनी पायरीवरच थांबली. चपला तर सगळ्यांच्याच निसटतात. पण निसटल्याचं पायाला कळतं, माणूस थांबतो, मागे वळतो. ज्याचा पायच मुका झाला त्याला कळत नाही. शंभर केसपेपरांत तिने हे वाक्य वाचलं होतं: ‘चप्पल पायातून निसटली, रुग्णास समजले नाही.’ डॉक्टर मुद्दाम विचारतात ते. आणि चार ओळी खाली अर्धांग लिहिलेलं असतं.

तिने हाक मारायला तोंड उघडलं. शेवंते म्हणावं, की शेवंतीबाई, की नुसतं अगं? एवढ्यात शेवंती वळणाआड गेली. नलिनीने स्लिपर उचलली, वर जाऊन तिच्या दाराशी नीट ठेवली आणि ऑफिसची बस पकडली. दिवसभरात तिने एका कागदावर दोनदा भोक पाडलं.

संध्याकाळी शेवंतीच्या दाराला कुलूप होतं आणि स्लिपर जशी ठेवली तशीच. खालच्या मजल्यावर कळलं ते असं: दहाच्या सुमारास मासळीवालीसमोर शेवंती बसली ती उठेचना, तोंडातून शब्द येईना, डावा हात लोंबतोय. कुणीतरी मुलुंडला तिच्या भावाकडे निरोप धाडला, भावजय आली आणि टॅक्सीत घालून इस्पितळात घेऊन गेली. कुठलं इस्पितळ ते विचारायची गरज नव्हती. नलिनीचंच.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत नलिनी बायकांच्या वॉर्डपर्यंत गेली. खिडकीखालच्या खाटेवर शेवंती पडली होती. भावजय, वसुधा तिचं नाव, उशाशी मोसंबं सोलत होती. नलिनी दारातून बघून परत आली. काय सांगायचं, मी कोण म्हणून?

गुरुवारी दुपारी तिच्या टेबलावर शेवंतीचा केसपेपर आला. एवढ्या लवकर यायला नको होता. वर चिठ्ठी: संध्याकाळी घरी सोडायचं आहे, आकडा टाकून ताबडतोब परत द्यावा. नलिनीने शेवटचं पान काढलं. तिथे अर्धांग लिहिलेलं नव्हतं. लिहिलं होतं हिस्टेरिया. म्हणजे सोंग नव्हे अगदी, पण मनाचा खेळ. तीनशे, टिंब, एक.

नलिनीने पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. डाव्या हातापायात जोर कमी. पायाच्या तळव्याला ओरखडा काढला असता अंगठा वर गेला की खाली, पुढे प्रश्नचिन्ह. बोलत नाही. मग मधे एक ओळ: ‘उजव्या हाताने जेवते, म्हणून उजवखुरी.’ आणि खाली डॉक्टरांचा हिशेब. बोलणं असतं मेंदूच्या डाव्या भागात, आणि तो भाग चालवतो अंगाची उजवी बाजू. उजवखुऱ्या बाईची डावी बाजू गेली तर बोलणं शाबूत राहायला हवं. हिचं बोलणं गेलंय, म्हणजे मेळ बसत नाही. शिवाय एकटी राहते, विधवा आहे. मनावर परिणाम.

हिशेब चोख होता. उत्तर तेवढं चुकलेलं, कारण पहिलीच ओळ चुकीची. डावखुऱ्या माणसांतल्या काहींचं बोलणं मेंदूत उलट्या बाजूला असतं, हे नलिनीने दोन-तीन कागदांत वाचलेलं होतं. त्यांची डावी बाजू गेली की बोलणंही जातं.

वर पाहिलं तर माहिती सांगणाऱ्याचं नाव: वसुधा. नाते: भावजय.

तिने लाल पेन उचललं. आकडा टाकायला एक मिनिट लागलं असतं. मग शेवंती मुलुंडला किंवा चाळीतल्या बंद खोलीत पडून राहिली असती, आणि हिला काही झालेलं नाही, हट्ट करते, बोलायचंच नाही हिला, असं म्हणून तिच्या पायाला कुणी हात लावला नसता. आणि पुढचा झटका आला असता तेव्हाही लोक म्हणाले असते, झालं हिचं सुरू. नलिनीने पेनाला टोपण लावलं आणि केसपेपर घेऊन जिना चढली.

डॉक्टर चंद्रप्रकाश टेबलाला टेकून उभ्या उभ्या चहा घेत होते. तिशीच्या आतलेच, डोळे दोन दिवस न झोपल्यासारखे.

“परुळेकर बाई, तुम्ही स्वतः? चिठ्ठी धाडायची ना.”

“चिठ्ठीत मावणार नाही, डॉक्टर.”

“बाजू लिहिलीय मी. डावी. गोल पण केलाय.”

“बाजू बरोबर आहे. बाई चुकलीय. ही उजवखुरी नाही.”

त्यांनी कप ठेवला आणि पान उलटलं. “मी विचारलं होतं. जेवते कुठल्या हाताने, तर उजव्या.”

“आपल्यात डाव्या हाताने जेवू कोण देतं? लहानपणीच फटके मिळतात. शिवते कुठल्या हाताने ते विचारलंत?”

डॉक्टर केसपेपर घेऊन निघाले. खाटेपाशी गेले, नलिनी मागून. वसुधाने दोघांकडे पाहिलं.

“तुमच्या नणंदबाई डावखुऱ्या आहेत?”

“छे, काहीतरीच. आमच्यात डावरं कुणी नाही,” वसुधा म्हणाली, आणि मोसंब्याची साल गोळा करू लागली.

खोटं बोलायची तिची इच्छा नसावी. शेवंतीचं लग्न ठरवताना माहेरच्यांनी हे झाकलं होतं. मुलीला दाखवायला बसवलं तेव्हा डावा हात पदराखाली ठेवायला सांगितलं होतं. एकदा झाकलेलं पुढे झाकतच राहतात, नवरा गेला, सासर तुटलं तरीही. घराण्याची गोष्ट असते ना.

“या परुळेकर बाई ओळखतात का तुमच्या नणंदबाईंना?” डॉक्टरांनी विचारलं.

“शेजारी राहतात,” वसुधा म्हणाली. “पण यांचं-हिचं बोलणं नाही. यांना काय ठाऊक?”

वॉर्डात अठ्ठावीस खाटा होत्या, आणि नलिनीला वाटलं, अठ्ठावीस जणी ऐकताहेत. ऐकत होत्याच. इस्पितळात दुसरं करायचं काय? ती शेवंतीकडे बघत नव्हती, खाटेच्या लोखंडी दांडीकडे बघत होती.

“बोलणं नाही ते ह्याच्यामुळेच,” ती म्हणाली. “माझ्या आईला पेज आणली होती हिने. डाव्या हाताने पुढे केली. आई म्हणाली, डाव्या हाताचं मला नको. मी तिथेच उभी होते. काही बोलले नाही. नऊ वर्षं झाली. विसरले असते तर बरं झालं असतं, पण विसरले नाही, म्हणून छातीठोक सांगते. ही डावरी आहे.”

वसुधाच्या हातातली साल तशीच राहिली. शेवंतीच्या घशातून एक आवाज आला, शब्द नव्हे. डॉक्टर खाटेवर बसले. त्यांनी शेवंतीचा डावा हात उचलला आणि बोटं एकेक करून चाचपली. मधल्या बोटाच्या शेंड्याला घट्टा होता, टणक, सुईच्या मागच्या टोकाने वर्षानुवर्षं पडलेला. मग उजवा हात पाहिला. ते बोट मऊ होतं.

“मी चुकीचं विचारलं,” ते हळूच म्हणाले. किल्ली काढून त्यांनी पुन्हा डाव्या तळव्यावर ओरखडा काढला, या वेळी सावकाश, टाचेपासून वर. अंगठा वर उचलला गेला. त्यांनी पुन्हा काढला. पुन्हा वर गेला. मनाच्या खेळात अंगठा असा वर जात नाही.

“आणखी आहे,” नलिनी म्हणाली. “पडली दहाला, पण सुरुवात आठलाच झाली होती. डाव्या पायातली स्लिपर जिन्यावर राहिली आणि हिला कळलं नाही. मी पाहिलं.”

“कळलं नाही, नक्की?”

“खडीवरून अनवाणी गेली.”

“मग तेव्हाच का नाही घेऊन आलात?”

डॉक्टरांनी ते टोचायला विचारलं नव्हतं. विचारण्याच्या ओघात विचारलं. नलिनी दांडीवरचा सुटलेला रंग नखाने काढत राहिली, आणि त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. ते टेबलाशी गेले, पेन काढलं आणि हिस्टेरियावर गिरगट करणार, एवढ्यात ती भानावर आली.

“खोडू नका, डॉक्टर. एकच रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी सही आणि तारीख.”

“बरं बाई,” ते म्हणाले, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा हसले. त्यांनी रेघ मारली, सही केली, आणि खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं: डावे अर्धांग, वाचा गेलेली, रुग्ण डावखुरी. डोक्याचा मोठा फोटो काढायला शहरातल्या इस्पितळात पाठवायचं. घरी सोडणे रद्द. मग पहिलं पान उलटून वसुधाच्या नावाखाली दुसरी ओळ आखली. “आठ वाजताची गोष्ट तुम्ही सांगितलीत, तर तुमचं नाव लागेल. नलिनी परुळेकर. नातं काय घालू?”

एवढी वर्षं त्या रकान्याकडे बघत आलेली बाई, आणि आता तिचाच रकाना रिकामा. मैत्रीण म्हणायला तोंड नव्हतं. ओळखीची म्हणावं तर ते खोटं.

“शेजारीण,” ती म्हणाली. “भिंतीपलीकडची.”

डॉक्टरांनी नुसतं ‘शेजारीण’ लिहिलं. भिंतीला रकान्यात जागा नव्हती.

शहरात फोटो निघाला. गुठळी होती, मेंदूच्या उजव्या बाजूला, लिहिलं होतं तशीच. दीड महिन्याने सगळे कागद खाली आले आणि नलिनीने त्यावर लाल शाईने आकडा टाकला. गुठळीचा एक आणि अंगाचा एक, तीनशे बेचाळीस. शाई वाळेपर्यंत तिने पान मिटलं नाही.

शेवंती काही घाटकोपरला परतली नाही. एकटीला जिना कसा चढवणार? भाऊ मुलुंडला घेऊन गेला. शेवटच्या खोलीला कुलूप लागलं, आणि नलिनीच्या त्या बाजूला नारळ नाही, रेडिओ नाही. बरं होऊन माणूस दूर गेलं, असं झालं हे. सकाळी निघायची वेळ चुकू नये म्हणून तिने गजराचं घड्याळ घेतलं.

एप्रिलमधल्या एका रविवारी ती बसने मुलुंडला गेली. कागदात गुंडाळून निळ्या पट्ट्याची स्लिपर घेतली होती. दाराशी तशीच पडून होती, ती तिने आत आणून ठेवली होती. वसुधाने दार उघडलं, जरा अवघडली, मग म्हणाली, “या ना. व्यायाम चाललाय बाईसाहेबांचा.”

शेवंती खुर्चीत बसली होती. समोर मोठे मणी आणि एक जाड दोरा. डाव्या हाताने ओवायचे, असं इस्पितळातून सांगितलं होतं. तीन ओवले होते, बाकीचे खाली सांडलेले. बोलणं थोडं आलं होतं, एकेक शब्द, तेही मधेच हरवणारे. स्लिपर पाहिली आणि बराच वेळ ओठ हलवून म्हणाली, “एक.”

“एकच राहिली होती,” नलिनी म्हणाली. “दुसरी तुझ्याच पायात होती तेव्हा.”

शेवंती हसली. तोंड अजून एका बाजूला ओढलं जात होतं, त्यामुळे हसू अर्धंच आलं.

वसुधाने चहा आणला, दोन कप, शेवंतीच्या पुढ्यातल्या स्टुलावर ठेवले. शेवंतीने डावा हात उचलला. बोटं कपाच्या कानापर्यंत पोचायलाच वेळ लागला. कप उचलला तशी बशी खडखडली, निम्मा चहा स्टुलावर. तिने कप नलिनीच्या बाजूला लोटला, थरथरत, वीतभर.

“अगं वन्सं, उजव्या हाताने तरी—” वसुधा म्हणाली, आणि तिने फडकं घेतलं.

नलिनीने दोन्ही हातांनी कप घेतला. चहा गार झाला होता आणि साखर जास्त होती. तिने तो शेवटपर्यंत प्यायला.

“पुन्हा,” शेवंती म्हणाली. चहा पुन्हा, की ये पुन्हा, ते काही कळलं नाही. नलिनी एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी जायला लागली. वसुधाला सांगून ठेवलं होतं, कप हिलाच उचलू दे, सांडला तर मी पुसते.

त्या पहिल्या रविवारी ती बसमधून उतरली तेव्हा दिवेलागण झाली होती. तिने कुलूप काढलं, दिवा लावला, भात टाकला. मग सवयीने जरा थांबली आणि भिंतीकडे कान गेला. पलीकडे काही नव्हतं. ती जास्तीच्या स्टुलावर बसली आणि भात शिजेपर्यंत तिथेच बसून राहिली.